येवल्याच्या पाणवठ्यावर सगळेच पाणी पितात. मग रोग वाढतो की विरतो?

माळावरची (नाशिक)

नमस्कार. मी नाशिकला राहते आणि गेली काही वर्षे बुद्धपौर्णिमेच्या रात्री येवला तालुक्यातल्या ममदापूरच्या काळवीट संवर्धन राखीव क्षेत्रात पाणवठ्यावरच्या प्राणीगणनेला जाते. यंदा मचाणावरून जे पाहिले त्यातून एक प्रश्न मनात घर करून बसला आहे. इथे पशुवैद्यही आहेत आणि वन्यजीवांचा अभ्यास करणारेही आहेत, म्हणून तो सविस्तर मांडते.

आमच्या वाट्याला आलेला पाणवठा म्हणजे सिमेंटची उथळ बशी. उन्हाळ्यात तिच्यात टँकरने पाणी सोडतात. दुपारी चारच्या सुमारास धनगरांचा एक कळप तिथे उतरला. त्यातल्या दोन शेळ्यांच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती, नाकपुड्या चिकटलेल्या होत्या आणि त्या इतरांपेक्षा जास्त वेळ पाण्याशी उभ्या राहिल्या, पण पाणी फारसे प्यायल्या नाहीत. कळप गेल्यावर कडेच्या ओल्या सिमेंटवर त्या लाळेचे डाग दुर्बिणीतून स्पष्ट दिसत होते. ते वाळण्याआधीच अकरा काळवीट आले आणि नेमके त्याच कडेला उभे राहून पाणी प्यायले, कारण उताराची बाजू तेवढीच होती. दिवेलागणीला वस्तीवरची चार कुत्री आली आणि उकाड्याने पाण्यात बसूनच राहिली. दहानंतर खोकडाची जोडी आली. पहाटे पावणेतीनला एकटा लांडगा आला. त्याने आधी कुत्री बसली होती ती जागा बराच वेळ हुंगली आणि मग तो पाण्याकडे वळला.

आमच्या तक्त्यात मी "प्राणी, संख्या, वेळ" असे तीन रकाने भरले आणि सकाळी तो वनरक्षकांच्या हवाली केला. परंतु मी खरोखर जे पाहिले ते त्या तीन रकान्यांत कुठेच आले नव्हते, असे घरी येताना सारखे वाटत राहिले.

वन्यप्राण्यांच्या रोगांविषयी वाचताना मला दोन परस्परविरोधी मते आढळतात. एक मत असे की जितक्या जास्त जाती एकत्र नांदतात तितका रोग विरळ होतो, कारण त्यातल्या पुष्कळ जाती रोगाच्या दृष्टीने निरुपयोगी असतात. दुसरे मत असे की जितक्या जाती एकमेकींच्या संपर्कात येतात तितक्या रोगाला उड्या मारायला जागा मिळतात. यांपैकी खरे काय? शिवाय निफाड-सिन्नरच्या उसातले बिबटे कुत्र्यांवर पोसले जातात असे म्हणतात; ते रेबीजच्या दृष्टीने आपल्याला हिताचे आहे, की बिबट्यांच्या दृष्टीने घातक आहे?

---

गोदाकाठचा पशुवैद्य (निफाड)

ताई, आपण लाळेची तार पाहिली हे फार महत्त्वाचे आहे, परंतु तिच्यावरून लगेच लाळ्या-खुरकूत असा निष्कर्ष काढू नये. लाळ्या-खुरकुतात तोंडाला फेस येऊन लाळेच्या तारा लोंबतात त्या प्रामुख्याने गाई-बैलांच्या. शेळ्या-मेंढ्यांमध्ये तो रोग बहुधा सौम्य असतो आणि जनावर लंगडते एवढेच दिसते. शेळीच्या तोंडातून लाळ गळत असेल आणि त्याबरोबर नाक चिकटलेले असेल, तर मी आधी पीपीआरचा, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या एका घातक विषाणूजन्य रोगाचा, संशय घेईन आणि मग 'निळी जीभ' या रोगाचा. पीपीआरच्या शेळीचे डोळे चिपडांनी भरतात, हिरड्यांवर कोंडा पसरल्यासारखे दिसते, तोंडाला असह्य दुर्गंधी येते आणि पुढे हगवण लागते. आपण वर्णन केलेली "पाण्याशी उभी राहते पण पीत नाही" ही खूणही तोंडात जखमा असल्याचीच आहे. अर्थात मचाणावरून निदान होत नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवायला हवे होते.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. माझी सारी नोकरी गुरांमध्ये गेली, त्यामुळे मी गुरांच्या बाजूने सांगतो. आमच्या लहानपणी बुळकांडीचे नाव काढले की घरातली म्हातारी माणसे गप्प होत. गोठ्यातले एक जनावर बुळबुळ हगू लागले की आठवड्याभरात दावण रिकामी व्हायची. त्या रोगाचे २०११ साली जगातून उच्चाटन झाले आणि देवीनंतर माणसाने समूळ नष्ट केलेला हा दुसराच रोग. परंतु त्याची खरी शिकवण मला मिळाली ती आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या हकिकतीतून. तिथे बुळकांडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिरली आणि तिने गुरांबरोबर रानम्हशी आणि विल्डबीस्ट नावाचे मोठे कुरंगही झोडपले. पुढची कित्येक दशके विल्डबीस्टची वासरे दर वर्षी त्या रोगाने मरत आणि सगळ्यांची समजूत अशी होती की रोगाचे घर त्या कुरंगांतच आहे. १९५० नंतर सभोवतालच्या पशुपालकांच्या गुरांना लस टोचायला सुरुवात झाली. एकाही विल्डबीस्टला सुई लागली नाही, तरी त्यांच्यातला रोग काही वर्षांत नाहीसा झाला आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी अडीच लाखांच्या आसपास असलेली त्यांची संख्या १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेरा लाखांपर्यंत पोचली. कळप वाढले तसे गवत खुडले गेले, गवत कमी झाल्याने वणवे कमी झाले आणि वणवे कमी झाल्याने झाडे वाढली. गाईला टोचलेल्या लशीचा परिणाम झाडांपर्यंत गेला.

यावरून मी एक सवय लावून घेतली. कोणत्याही रोगात मी तीन प्राणी वेगवेगळे शोधतो : रोग धरून ठेवणारा कोण, रोग इकडून तिकडे नेणारा कोण आणि रोग भोगणारा कोण. ज्याची प्रेते दिसतात तो बहुतेक वेळा फक्त भोगणारा असतो.

आपल्या काळविटांना हे थेट लागू पडते. पीपीआरचा विषाणू बुळकांडीच्याच कुळातला आहे आणि २०१६-१७ मध्ये मंगोलियात तो शेळ्या-मेंढ्यांतून सायगा नावाच्या कुरंगांत गेला तेव्हा आधीच दुर्मीळ असलेल्या त्या प्राण्याचे कळपच्या कळप काही महिन्यांत आडवे झाले. काळवीटही कुरंगच. शेळ्यांसाठी आपल्याकडे पीपीआरची चांगली लस आहे आणि एकदा टोचली की किमान तीन वर्षे संरक्षण मिळते. ममदापूरच्या काळविटांसाठी काही करायचे असेल तर ते मेंढवाड्यावर जाऊन करावे लागेल, काळविटांच्या मागे धावून नव्हे.

पाणवठ्याविषयी एक गोष्ट दिलासा देणारी आहे. हे विषाणू नाजूक असतात. वैशाखातल्या उन्हात तापलेल्या कोरड्या सिमेंटवर ते फार टिकत नाहीत. म्हणून आपण लिहिलेले "वाळण्याआधी" हे शब्द मला सर्वांत मोलाचे वाटले. तोच कळप सकाळी नऊला येऊन गेला असता आणि काळवीट संध्याकाळी आले असते, तर मला एवढी काळजी वाटली नसती.

---

देवराई (नाशिकरोड)

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. डॉक्टरसाहेबांनी पाया उत्तम घातला आहे, त्यावर "वाढतो की विरतो" या वादाचे थोडे बांधकाम करते.

"विरतो" हे मत प्रामुख्याने अमेरिकेतल्या लाइम रोगाच्या अभ्यासातून पुढे आले. तो रोग गोचिडीतून पसरतो. गोचिडीचे पिल्लू पांढऱ्या पायांच्या रानउंदराचे रक्त प्यायले तर त्याला हमखास जंतू मिळतात. तेच पिल्लू खार, पक्षी किंवा सरडा यांच्या अंगावर चढले तर बहुधा जंतूंशिवाय उतरते. त्यामुळे जंगलात उंदराखेरीज इतर प्राणी जितके जास्त, तितक्या गोचिडी वाया जातात. ऑस्टफेल्ड आणि कीसिंग या संशोधकांनी २००० साली या परिणामाला नाव दिले आणि मग तो सर्वत्र लागू पडतो असे अनेकांनी गृहीत धरले. पुढे त्यावर जोरदार आक्षेप आले, आणि माझ्या मते ते योग्य होते. जातींची नुसती संख्या काहीच ठरवत नाही. जंगल तोडल्यावर मागे कोण उरते यावर सारे अवलंबून असते. भराभर पिल्ले घालणारे, अल्पायुषी, माणसाजवळ तगणारे प्राणी उरतात आणि बहुतेकदा तेच रोगाला उत्तम आसरा देणारे असतात. म्हणून उजाड प्रदेशात रोग बळावतो. पण जिथे उरणारा प्राणी रोगाला निरुपयोगी असेल तिथे उलटेही घडेल.

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्यायचे तर माकडतापाचे घ्यावे. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात तो प्रथम ओळखला गेला आणि २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग-बांदा पट्ट्यात, काजूच्या बागांत काम करणाऱ्या माणसांना त्याने गाठले. त्याचाही वाहक गोचीडच. वानर आणि माकड या रोगाने मरतात. मेलेले माकड झाडाखाली पडले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून त्या जागी पसरतात आणि तेवढा जमिनीचा तुकडा धोक्याचा बनतो. आता यात गाय कुठे बसते ते पाहा. गाईच्या रक्तात हा विषाणू इतका वाढतच नाही की तिला चावलेल्या गोचिडीला बाधा व्हावी. "विरतो" या मताने पाहिले तर गाय उत्तम, कारण तिच्या अंगावर चढलेली गोचीड वाया गेली. परंतु प्रौढ गोचिडी गाईच्याच रक्तावर पोसतात आणि हजारो अंडी घालतात. म्हणजे तीच गाय विषाणूला आळा घालते आणि त्याच्या वाहकाचे पाळणाघरही चालवते. जंगलाच्या कडेला गुरे चरू लागली की दुसरा परिणाम पहिल्यावर मात करतो.

मला सर्वांत खोलवर भिडलेली हकिकत मात्र पुन्हा सेरेंगेटीचीच आहे आणि ती ताईंच्या पाणवठ्याशी फार जवळून जुळते. १९९४ साली तिथे सुमारे एक हजार सिंह, म्हणजे एकूण संख्येच्या एक तृतीयांश, डिस्टेंपरने मेले. हा कुत्र्यांचा रोग. विषाणू बुळकांडी, पीपीआर आणि आपला गोवर यांच्याच कुळातला. वस्त्यांवरच्या कुत्र्यांतून तो रानात गेला, एवढ्यावर चौकशी थांबली असती. परंतु संशोधकांनी सिंहांच्या रक्ताचे जुने साठवलेले नमुने तपासले तेव्हा असे दिसले की डिस्टेंपर त्या सिंहांमध्ये याआधीही अनेकदा येऊन गेला होता आणि त्या वेळी मृत्यूची लाट आली नव्हती. मग १९९४ मध्येच काय घडले? त्याआधी कडक दुष्काळ पडला होता. उपासमारीने रानम्हशी खंगल्या आणि त्यांच्या अंगावर गोचिडी माजल्या. दुबळ्या म्हशी सहज हाती लागत असल्याने सिंहांनी त्या भरपूर खाल्ल्या आणि त्यांच्या गोचिडी आपल्या अंगावर घेतल्या. त्या गोचिडींतून बबेसिया नावाचा रक्तातला परजीवी सिंहांत शिरला. एरवी सिंह तो सहन करतो. पण डिस्टेंपर शरीराची प्रतिकारशक्ती खाली पाडतो, आणि दोन्ही एकदम आल्यावर सिंह टिकले नाहीत. दुष्काळ, म्हैस, गोचीड, कुत्रा आणि सिंह यांतला एक दुवा काढला असता तर ती लाट आली नसती.

२०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरला वीसहून अधिक सिंह मेले तेव्हाही डिस्टेंपरबरोबर बबेसियाची बाधा आढळली होती. आपल्या सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर झालेल्या अभ्यासात मोकाट कुत्र्यांपैकी बहुसंख्य कुत्र्यांच्या रक्तात डिस्टेंपर आणि पार्व्हो (कुत्र्यांना जीवघेणी हगवण लावणारा विषाणू) यांची प्रतिपिंडे सापडली, म्हणजे ते रोग त्यांना कधी ना कधी होऊन गेले होते. त्याच माळावर खोकडे राहतात. ममदापूरच्या कुत्र्यांची स्थिती वेगळी असेल असे मानण्याचे कारण मला दिसत नाही. आणि इथे डॉक्टरसाहेबांच्या "वाळण्याआधी" या मुद्द्याला एक जोड द्यावी लागेल : डिस्टेंपर उन्हात लवकर मरतो, पण पार्व्हो चिवट आहे, तो विष्ठेने माखलेल्या मातीत महिनोन्‌महिने राहतो. लांडग्याने कुत्र्यांची जागा सात-आठ तासांनी हुंगली, तरी पार्व्होच्या दृष्टीने ती भेट ताजीच होती.

---

ऊसवाला (निफाड)

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर शेतकरी म्हणून लिहितो. आमच्या शिवारात ऊसतोड सुरू झाली की बिबट्याची पिल्ले सापडल्याची बातमी दर वर्षी येते. वस्तीवरची कुत्री रात्रीतून कमी होतात हेही खरे आहे. गेल्या हिवाळ्यात माझ्या मळ्यातला कुत्रा साखळीसकट गेला आणि साखळी तेवढी बांधावर सापडली.

शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता. बिबट्याच्या पोटात जाणाऱ्या मांसापैकी सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला आणि सगळे पाळीव प्राणी धरले तर तो ८७ टक्क्यांवर गेला. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाविषयी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा आहे की तिथले बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार कुत्री खातात आणि त्यामुळे कुत्रा चावण्याच्या सुमारे हजार घटना टळतात. मुंबईचा हिशोब आमच्या शिवाराला जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण आमच्याकडे बिबट्या कुत्र्यामागे वस्तीपर्यंत येतो आणि मग माणसाच्या जिवावर बेतते. तरीही कुत्र्यांची संख्या रोखणारा एक तरी प्राणी शिवारात आहे, हे मला मान्य करावे लागते.

पण माझा सरळ प्रश्न असा आहे की मोकाट कुत्रीच सगळ्याच्या मुळाशी असतील, तर माळरानावरून आणि शिवारातून ती हटवली की काम संपले, असे का म्हणू नये?

---

देवराई (नाशिकरोड)

दादा, आपला प्रश्न रास्त आहे आणि हा उपाय अनेक देशांनी करून पाहिला आहे. प्राणी मारला की फक्त संख्या बदलत नाही, उरलेल्यांचे आपसातले वागणेही बदलते. ब्रिटनमध्ये गुरांच्या क्षयाला बॅजर नावाचा बिळात राहणारा प्राणी कारण आहे म्हणून १९९८ ते २००५ या काळात काही भागांत मोजूनमापून बॅजर मारले गेले. मारलेल्या भागात गुरांचा क्षय कमी झाला, पण लगतच्या भागांत तो वाढला. बॅजरांचे गट आपापल्या हद्दीत राहतात. गट मोडल्यावर वाचलेले बॅजर सैरावैरा फिरू लागले आणि नव्या बॅजरांशी व गुरांशी त्यांचे संबंध वाढले. कुत्र्यांचेही तसेच होते. वस्तीवरची ओळखीची, लस टोचलेली कुत्री काढली की बाहेरची, न टोचलेली कुत्री त्याच उकिरड्यावर येतात. रेबीजच्या बाबतीत सत्तर टक्के कुत्र्यांना लस टोचलेली असली की रोगाची साखळी तुटते, हा जगभरचा अनुभव आहे आणि तो मारण्याच्या कोणत्याही मोहिमेने दिलेला नाही.

बिबट्याविषयी मात्र माझी काळजी कायम आहे. डिस्टेंपर झालेला कुत्रा आधी मंदावतो, भेलकांडतो आणि म्हणून सर्वांत आधी पकडला जातो. शिकारी प्राणी आजारी सावज उचलून कळप निरोगी ठेवतो, असा एक विचार २००३ पासून अभ्यासकांत मांडला जातो आणि स्पेनमध्ये लांडग्यांमुळे रानडुकरांतला क्षय घटल्याचे दाखवले गेले आहे. ममदापूरचा लांडगा लंगडे काळवीट उचलतो तेव्हा हेच घडते आणि काळविटाचे रोग लांडग्याला सहसा लागत नाहीत, त्यामुळे हा व्यवहार त्याला परवडतो. बिबट्या आणि कुत्रा यांच्यात तसे नाही, कारण कुत्र्याचा डिस्टेंपर बिबट्याला होतो. तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : माणसाला यातून लाभ आहे, बिबट्याला जोखीम आहे, आणि कुत्र्यांना लस टोचली तर त्या जोखमीचा मोठा भाग कमी होतो. सगळा नव्हे. सेरेंगेटीभोवती कुत्र्यांना वर्षानुवर्षे लस टोचल्यावरही सिंहांमधला डिस्टेंपर पूर्ण थांबला नाही, कारण तोवर तो इतर रानटी मांसाहारी प्राण्यांतही फिरू लागला होता.

---

सह्यकडा (त्र्यंबक)

या चर्चेत एक प्राणी अजून आलेला नाही. मी अंजनेरी आणि ब्रह्मगिरीच्या कड्यांवरच्या लांब चोचीच्या गिधाडांच्या घरट्यांच्या नोंदी ठेवतो.

कुत्री एवढी का वाढली, याचे एक उत्तर या कड्यांवर आहे. गुरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये गुरांसाठी त्याच्या वापरावर भारतात बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एखादे या प्रमाणात उरली होती. गावाबाहेर टाकलेले बैलाचे धूड पूर्वी गिधाडे तासाभरात हाडांपर्यंत साफ करत. आता ते चार-पाच दिवस पडून राहते आणि त्याच्याभोवती कुत्री जमतात. गिधाडाच्या जठरातले आम्ल इतके तीव्र असते की काळपुळीसारख्या रोगाचे जंतूही त्यात बहुतांशी मरतात; कुत्र्याचे पोट तसे नाही, आणि कुत्र्यांना त्या धुडापाशी एकमेकांना चावायलाही कारण मिळते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार गिधाडे गेल्यावर देशातली कुत्री किमान ५५ लाखांनी वाढली आणि रेबीजने ४७ हजारांहून अधिक जादा माणसे दगावली.

हरसूलजवळ खोरीपाड्याला गिधाडांसाठी मेलेली जनावरे ठेवण्याची जागा गावकऱ्यांच्या सहभागाने चालते. तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा मी एकाच गोष्टीकडे पाहत राहिलो होतो : गिधाडे उतरली की कुत्री मागे सरकत होती आणि लांब उकिडवी बसून राहत होती. गिधाडे पुरेशी असली की कुत्र्यांच्या वाट्याला काही उरतच नाही.

पशुपालकांना माझी हात जोडून विनंती आहे की जनावराला वेदनाशामक द्यायचेच असेल तर मेलॉक्सिकॅम मागावे. ते गिधाडांना सुरक्षित आहे. किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक यांच्यावरही २०२३ मध्ये गुरांसाठी बंदी आली आहे, त्यामुळे कोणी जुनी बाटली पुढे केली तर ती घेऊ नये.

---

माळावरची (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. सगळे दोनदा वाचले आणि मग येवल्याला जाऊन आले.

डॉक्टरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवले. त्यांनी मेंढवाड्याचा ठावठिकाणा विचारला. कळप तोवर पुढे नांदगावकडे गेला होता, परंतु वाड्यावरचे एक बाबा अजून मागे होते. त्यांना पीपीआरचे नाव ठाऊक नव्हते, पण रोगाची लक्षणे त्यांनी माझ्यापेक्षा अचूक सांगितली आणि त्या दोनपैकी एक शेळी तिसऱ्या दिवशी मेली हेही सांगितले. लस टोचून घ्यायला त्यांची ना नाही. कळप कोणत्या आठवड्यात कोणत्या गावी असेल ते आधी सांगू, त्या गावी लस मिळाली पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे होते आणि ते अगदी योग्य आहे. शेळी कुठे टाकली हे विचारल्यावर त्यांनी ओढ्याकडे हात केला. मी तिथपर्यंत गेले. काही केस आणि कुत्र्यांची पावले यांखेरीज तिथे काही शिल्लक नव्हते.

वनरक्षकांशी पाणवठ्याविषयी बोलले. कळपांसाठी गावाच्या बाजूला वेगळा हौद भरला तर मेंढपाळ आत येणार नाहीत, असे त्यांचेही मत आहे. एका मोठ्या बशीऐवजी दूरदूर तीन लहान बशा कराव्यात का, असे मी विचारले, पण त्यावर माझे मन अजून पक्के नाही. जागा वाढल्या तर गर्दी पांगेल हे खरे, पण कुत्र्यांनाही आणखी आतपर्यंत पाणी मिळेल. देवराईताई, यावर आपले मत हवे आहे.

पुढच्या गणनेसाठी मी तक्त्यात एक चौथा रकाना आखला आहे : "आधी कोण येऊन गेले आणि किती मिनिटांपूर्वी."

---

देवराई (नाशिकरोड)

केनियात काही संशोधकांनी पाणवठे मुद्दाम कोरडे करून पाहिले होते. पाण्याभोवतीच्या विष्ठेत परजीवींचा साठा इतर जागांपेक्षा जास्त होता आणि पाणी आटवल्यावर तो कमी झाला. त्यावरून मला असे वाटते की तीन बशा कराव्यात, पण तिन्ही एकाच वेळी भरू नयेत. आळीपाळीने एक भरावी आणि उरलेल्या दोन उन्हात कोरड्या तापू द्याव्यात. कुत्र्यांविषयीची आपली शंका खरी आहे, म्हणून गावाच्या बाजूचा हौद आधी व्हावा. कुत्र्यांना वस्तीजवळ पाणी मिळाले तर उन्हाळ्यात ती दोन किलोमीटर आत कशाला जातील?

---

गोदाकाठचा पशुवैद्य (निफाड)

चौथा रकाना उत्तम. त्याला आणखी एक जोडा : कडेचे सिमेंट ओले होते की कोरडे. आणि कुत्री पाण्यात बसली असतील तर किती वेळ, तेही लिहा. कुत्र्यांच्या लसीकरणासाठी पावसाळ्याआधीचा एखादा रविवार ठरवा. रेबीजची आणि डिस्टेंपर-पार्व्होची लस एकाच फेरीत टोचता येते. मी निफाडहून सकाळी सातपर्यंत पोचतो. शीतपेटी माझ्याकडे आहे. वस्तीवरची कुत्री ओळखणारी दोन माणसे तेवढी बरोबर असू द्या, कारण अनोळखी माणसाच्या हाताला ती लागत नाहीत.